हॅम रेडिओ सुरू झाला की टीव्ही अडकतो: आधी वाट शोधा, फिल्टर नंतर

मराठवाड्यात गच्चीवर वायरचा अँटेना ताणून चाळीस मीटरच्या बँडवर (सात मेगाहर्ट्झच्या आसपास) बोलणारे हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारे, मोजकेच आहेत, पण जिथे आहेत तिथे ही तक्रार ठरलेली. संध्याकाळी मालिकांची वेळ आणि बँडवरच्या गप्पांची वेळ एकच पडते, आणि शेजारच्या काकू खालून हाक मारतात, "भाऊ, तुमचं ते यंत्र चालू झालं की आमचा टीव्ही अडकलाच बघा." लातूर-नांदेडकडच्या बऱ्याच घरांतून हा दोष मी काढलाय, हॅमच्या बाजूनेही आणि टीव्हीच्या बाजूनेही.

एक गोष्ट आधीच सांगतो. या विषयावरचे जुने सल्ले गच्चीवरच्या अँटेनाने टीव्ही बघणाऱ्यांसाठी लिहिलेले आहेत. संभाजीनगरच्या बाजूला एके काळी घराघरावरचे अँटेना म्हैसमाळच्या दूरदर्शन टॉवरकडे तोंड करून असायचे. आता तसे क्वचित दिसतात. आपल्याकडे टीव्ही येतो छत्रीतून नाही तर केबलवाल्याच्या वायरीतून. त्यामुळे "टीव्हीच्या मागे हाय-पास फिल्टर लावा" (म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा तुकडा) हा सल्ला इथे बऱ्याचदा लागू पडत नाही, आणि छत्रीच्या वायरीत तो लावला तर टीव्ही पूर्णच बंद पडतो. का ते पुढे येईल.

लक्षणं

जुन्या टीव्हीवर हॅमचा त्रास झाला की पडद्यावर तिरप्या रेघा यायच्या, कधी रंग उडायचे. चित्र हळूहळू खराब व्हायचं, म्हणून दोष कुठून येतोय याचा अंदाज बांधता यायचा. डिजिटलमध्ये सेट टॉप बॉक्स चुका स्वतःच दुरुस्त करत राहतो, त्यामुळे शेवटपर्यंत चित्र स्वच्छ दिसतं. दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की एकदम चौकोन पडतात, चित्र थिजतं, आवाज तुटतो आणि "नो सिग्नल" येतं. कारण कोणतंही असो, पडद्यावर दिसतं ते हेच. म्हणून काय दिसतंय यापेक्षा केव्हा आणि कोणत्या चॅनेलवर दिसतंय हे बघायचं.

एसएसबीवर (यात ताकद बोलण्याबरोबर कमी-जास्त होते) बोलताना चित्र शब्दागणिक फुटत असेल आणि तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की सावरत असेल, तर त्रास तुमच्या रेडिओचाच आहे. एफएमवर पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबल्यापासून सोडेपर्यंत चित्र सलग जातं, कारण एफएमची ताकद बोलण्याबरोबर कमी-जास्त होत नाही.

सगळे चॅनेल जात असतील तर रेडिओची ताकद भलत्या वाटेने पेटीत, म्हणजे सेट टॉप बॉक्समध्ये, शिरतेय. पण केबलवर ठरावीक दहा-पंधरा चॅनेलच जात असतील आणि बाकीचे ठणठणीत असतील, तर ते चॅनेल एकाच फ्रिक्वेन्सीवर गठ्ठ्याने येतायत आणि तुमचा सिग्नल नेमका तिथे पडतोय. पेटीच्या सेटिंगमध्ये चालू चॅनेलची फ्रिक्वेन्सी दिसते, ती लिहून घ्या. हा एक आकडा पुढची अर्धी शोधाशोध वाचवतो.

चित्र ठीक आहे, पण होम थिएटरमधून घोगरा, न समजणारा आवाज येतोय? मग टीव्हीच्या सिग्नलशी त्याचा संबंध नाही. स्पीकरच्या लांब तारा अँटेनासारखं काम करतायत. पेटी आपोआप रीस्टार्ट होते किंवा रिमोट ऐकत नाही, हेही वेगळं लक्षण आहे. तिथे संशय अडॅप्टरवर आणि विजेच्या वायरीवर घ्यायचा.

आणि तुम्ही रिगला (रेडिओ संचाला) हातही लावलेला नसताना टीव्ही अडकत असेल, तर हे सगळं तुमच्यासाठी नाहीच.

पहिली तपासणी: वेळेची नोंद

हिला पैसा लागत नाही, पण सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच. शेजाऱ्यांना एक वही द्या. टीव्ही अडकला की घड्याळ बघून वेळ, चॅनेल आणि बाहेर पाऊस आहे का एवढंच लिहायचं. तुमच्याकडे लॉगबुक असतंच. तीन-चार दिवसांनी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघा.

गच्चीवर अँटेना दिसला की गल्लीतल्या प्रत्येक बिघाडाचं खापर त्याच्यावर फुटतं, म्हणून ही नोंद आधी लागते. निम्म्या वेळा दोष दुसराच निघतो. छत्रीसमोर कडुनिंबाची फांदी वाढलेली असते. वादळाने छत्री बोटभर हललेली असते. छत्रीला येणारा केयू बँडचा सिग्नल जोरदार पावसात तसाही जातो. केबलच्या बाबतीत जवळचा मोबाइल टॉवरही कारण असू शकतो, कारण मोबाइलचे ७०० आणि ८५० मेगाहर्ट्झचे पट्टे केबलच्या वरच्या फ्रिक्वेन्सींवरच पडतात; वायरीचं कवच कमजोर असेल तर तेही आत घुसतात. इन्व्हर्टरवर गेल्यावर किंवा एखादा स्वस्तातला एलईडी बल्ब लागल्यावरच टीव्ही अडकत असेल तर तेही वहीत आपोआप दिसतं.

वेळा जुळल्या तर मग समोरासमोर चाचणी घ्या. शेजाऱ्यांना फोन लावून स्पीकरवर ठेवायला सांगा. तुम्ही कधी प्रसारण करताय हे त्यांना सांगू नका; त्यांनी फक्त "गेलं" आणि "आलं" म्हणायचं. त्यांचा "गेलं" तुमच्या पीटीटीशी दरवेळी जुळला की दोघांनाही शंका उरत नाही, आणि वाद तिथेच मिटतो.

याच वेळी आपल्या घरचा टीव्ही बघा. तुमच्या अँटेनाच्या सगळ्यात जवळचा टीव्ही तुमचाच. तो स्वच्छ चालत असेल तर तुमचं प्रसारण बहुधा स्वच्छ आहे आणि शोध शेजारच्या वायरीत घ्यायचा. तोही अडकत असेल तर आधी तो दुरुस्त करा. शेजाऱ्यांना बोलावून दाखवता येईल असा पुरावा दुसरा नाही.

दुसरी तपासणी: प्रसारण बंद असताना पट्टी किती?

पेटीच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ सोडा, क्वालिटी बघा. रेडिओ पूर्ण बंद असताना क्वालिटी अर्ध्यावरच असेल, तर ते चित्र आधीच काठावर उभं आहे. अशा घरात तुमच्या दहा वॅटनेही टीव्ही जाईल, आणि उद्या तुम्ही गाव सोडून गेलात तरी पहिल्या पावसात तो जाईलच.

डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणून मराठवाड्यातून छत्रीचं तोंड आग्नेयेला येतं. खांबाचे नट ढिले झालेत का, एलएनबीच्या (छत्रीसमोर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) टोकावरचं प्लास्टिकचं झाकण उन्हाने तडकलंय का, हे बघा. आपल्याकडचा एप्रिल-मे काढला की ते झाकण ठिसूळ होतं, आणि जूनचं पाणी थेट आत जातं. क्वालिटी पुरेशी वर आली की बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात, कारण चुका दुरुस्त करायला पेटीला जागा मिळते.

तिसरी तपासणी: कनेक्टर आणि जोड

सगळ्यात जास्त दोष मला इथे सापडले, म्हणून इथे वेळ द्या.

पेटीच्या मागचा एफ कनेक्टर हाताने सोडवून उजेडात धरा. चांगल्या कनेक्टरमध्ये मधली तार सरळ आणि चकचकीत असते, कडेची जाळी कनेक्टरच्या धातूला सगळीकडून घट्ट लागलेली असते. प्रत्यक्षात काय दिसतं? मधली तार तपकिरी झालेली, कारण स्वस्त वायरीत ती पोलादाची असून वर तांब्याचा नुसता मुलामा असतो. जाळीचे दोन-तीन केस मधल्या तारेला टेकलेले. कनेक्टर वायरीवर गोल गोल फिरतोय, म्हणजे जाळीशी त्याचा संपर्क नावालाच. आणि गच्चीवर, वायर कमी पडली म्हणून दोन तुकडे नुसते पिळून वर काळी टेप गुंडाळलेली.

हे इतकं महत्त्वाचं का? टीव्हीच्या या कोॲक्स वायरीत दोन वेगळे प्रवाह असू शकतात. टीव्हीचा सिग्नल आतून जातो, मधली तार आणि जाळीची आतली बाजू यांच्यामधून. तुमच्या रेडिओची ताकद त्याच जाळीच्या बाहेरच्या अंगावरून वाहते. भिंतीवरच्या पाइपातून पाणी आत वाहतं आणि पावसाचे ओघळ बाहेरून उतरतात, तसं. जोड घट्ट असेल तोवर ते एकमेकांत मिसळत नाहीत. जिथे जाळी तुटलीय, तिथे बाहेरचं आत शिरतं.

गच्चीवरून खालच्या हॉलपर्यंत येणारी वायर साधारण दहा मीटरच्या आसपास भरते, आणि सात मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भागही तेवढाच, साडेदहा मीटर. अशी वायर तुमचा सिग्नल आवडीने पकडते. एकाच भिंतीच्या दोन घरांपैकी एकाचा टीव्ही जातो आणि दुसऱ्याचा जात नाही, त्याचं कारण बऱ्याचदा वायरीच्या लांबीतला हा फरक असतो.

उपाय सरळ आहे. पिळलेले जोड काढून टाका. शक्य असेल तर छत्रीपासून पेटीपर्यंत आरजी-६ ची एकसंध वायर, दाट जाळी आणि आत फॉइल असलेली, घ्या. दोन्ही टोकांना नवे कॉम्प्रेशन कनेक्टर बसवून घ्या. पिळून बसवायचे सैल होतात. बाहेरचं टोक पाणी न शिरेल असं बंद करा आणि एलएनबीजवळ वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथून ठिबकेल.

केबल असेल तर याला दुप्पट महत्त्व आहे. छत्रीची वायर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर चालते; तिथे आपल्या नेहमीच्या हॅम बँडपैकी काहीच पडत नाही. केबलच्या वायरीत मात्र साधारण ५० ते ८६० मेगाहर्ट्झ सगळं वापरलं जातं. आपले १४५ (दोन मीटर) आणि ४३५ मेगाहर्ट्झसुद्धा (सत्तर सेंटिमीटर) त्यातच येतात. वायर बंदिस्त आहे या भरवशावरच ते तिथे चॅनेल घालतात. कवच फुटलं की दोन मीटरवरचा तुमचा सिग्नल थेट त्या चॅनेलच्या डोक्यावर. शिवाय केबलचा सिग्नल एका फ्रिक्वेन्सीत जास्त माहिती कोंबून येतो, त्यामुळे तो उपग्रहाच्या सिग्नलपेक्षा नाजूक असतो.

इथे एक उपयोगी गोष्ट आहे. जिथून तुमचा सिग्नल आत जातो, तिथूनच केबलचा सिग्नल बाहेर गळतो. हँडी (हातातला छोटा रेडिओ) घेऊन, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) उघडून, गच्चीवरच्या केबलच्या वायरीजवळून हळूहळू चाला. वर टिपलेली फ्रिक्वेन्सी १४५ किंवा ४३५ च्या जवळची असेल तर खराब जोडापाशी सिग्नलची पट्टी वर चढते. आरटीएल-एसडीआर डोंगल (सिग्नल पडद्यावर दाखवणारा छोटा रिसीव्हर) आणि मोबाइल असेल तर आणखी सोपं: फ्रिक्वेन्सी मागे-पुढे सरकवली की सात-आठ मेगाहर्ट्झ रुंदीचा सपाट उंचवटा दिसतो. त्या जागेचा फोटो काढून केबलवाल्याला दाखवला की तो वाद न घालता जोड बदलून देतो.

चौथी तपासणी: एकेक वस्तू काढून बघणं

पेटीला जोडलेलं सगळं सुटं करा: होम थिएटर, पेन ड्राइव्ह, एक्स्टेन्शन बोर्ड, दोन टीव्हींसाठी लावलेला स्प्लिटर, आणि असेल तर बूस्टर. पेटी, टीव्ही आणि एक वायर एवढंच ठेवा. आता प्रसारण करा. त्रास थांबला तर एकेक वस्तू परत जोडत जा.

बूस्टर हा हमखास संशयित. तो कमजोर सिग्नल वाढवायला लावलेला असतो, पण समोर येईल ते सगळंच वाढवतो, आणि तुमच्या सिग्नलने तो आधी गुदमरतो. बूस्टर काढून चांगली वायर टाकली तर अनेकदा दोन्ही कामं होतात.

फ्री डिशच्या पेटीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं असेल, तर पेटी थोडा वेळ १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघता येते. धन-ऋण नीट बघूनच जोडा. बॅटरीवर त्रास गेला, तर ताकद विजेच्या वायरीतून येत होती. मग महागडी छत्रीची वायर बदलण्यात अर्थ नाही. अडॅप्टर बदला किंवा त्याच्या तारेवर फेराइट (रेडिओचा प्रवाह अडवणारा, तारेभोवती बसवायचा चुंबकी तुकडा) लावा.

पाचवी तपासणी: ताकद कमी करणं आणि डमी लोड

आता शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, या. शंभर वॅटवर टीव्ही जातो? पंचवीसवर आणा, मग दहावर. पंचवीसवर त्रास पूर्ण थांबत असेल तर बहुधा पेटीवर जास्तीचा भार पडतोय आणि फेराइटने काम होईल. दहावरही तसाच राहत असेल तर तुमच्याकडून नको ती फ्रिक्वेन्सी निघतेय का, ते बघायला हवं.

त्यानंतर अँटेना काढून पन्नास ओहमचा डमी लोड (ताकद बाहेर न सोडता जिरवणारा, अँटेनाच्या जागी लावायचा) लावा. ही चाचणी माझ्या मते सगळ्यात बोलकी. डमी लोडवरही टीव्ही अडकत असेल तर दोष अँटेनाचा नाही. ताकद रिगच्या पेटीतून किंवा पॉवर सप्लायमधून विजेच्या वायरीत जातेय. डमी लोडवर शांत आणि अँटेनावर त्रास, तर रिग ठीक आहे आणि अँटेना, त्याची फीडर वायर (रिगपासून अँटेनापर्यंतची) आणि जागा बघायची. एवढ्या एका चाचणीने निम्मं घर बाद होतं.

सहावी तपासणी: फेराइट

छत्रीच्या वायरीत फिल्टर का नाही, ते इथे. त्याच वायरीतून पेटी एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवते आणि २२ किलोहर्ट्झचा टोन देते. त्यावरूनच एलएनबी कोणता सिग्नल द्यायचा ते ठरवतो. साधा हाय-पास फिल्टर हे सगळं अडवतो. फेराइट मात्र आतल्या कशालाही हात लावत नाही, फक्त जाळीच्या बाहेरून येणारा प्रवाह अडवतो. म्हणून छत्री असो वा केबल, फेराइट दोन्हीकडे चालतं.

चूक होते ती फेराइटच्या प्रकारात आणि वेढ्यांत. बाजारात मिळणारा, वायरीवर चिमटा बसवतात तसा तुकडा सात मेगाहर्ट्झवर जवळजवळ काहीच करत नाही, आणि लोक "फेराइट लावलं, फरक पडला नाही" म्हणून सोडून देतात. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: दहा वेढे म्हणजे एका वेढ्याच्या शंभरपटीच्या आसपास. चाळीस आणि वीस मीटरसाठी मोठं गोल कडं घ्या, ३१ नंबरच्या मिश्रणाचं मिळालं तर उत्तम, आणि वायर त्यातून दहा-बारा वेळा काढा. आरजी-६ जाड असते, तिला मोडेल इतकी वाकवू नका. कड्यासाठी बारीक कोॲक्सचा छोटा तुकडा चांगले कनेक्टर लावून मध्ये घाला. दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटरवर मात्र चिमट्याचे तीन-चार तुकडे ओळीने लावले तरी पुरतं.

जागा: पेटीला चिकटून. एक कोॲक्सवर, एक अडॅप्टरच्या तारेवर, गरज पडली तर एक एचडीएमआयवर. पेटीपासून दोन मीटर लांब लावलं तर मधली दोन मीटर वायर पुन्हा अँटेना होते. स्पीकरच्या आवाजाचा त्रासही असाच जातो. तार कड्यावर ॲम्प्लिफायरजवळ गुंडाळायची.

सातवी तपासणी: हॅमची बाजू

डायपोल (मध्यापासून दोन बाजूंना तारा ताणलेला अँटेना) थेट कोॲक्सला जोडलेला असेल तर फीडरची जाळीही प्रसारण करते, आणि फीडर तर घराच्या भिंतीवरून, टीव्हीच्या वायरींच्या अगदी शेजारून उतरतो. डायपोलच्या मध्यभागी एकास-एक करंट बॅलन (फीडरच्या जाळीवरचा प्रवाह अडवणारं वेटोळं) लावा; तेच फेराइटचं कडं, त्यावर आरजी-५८ चे दहा-बारा वेढे. एका टोकाला फीड केलेल्या वायरींच्या बाबतीत हे आणखी गरजेचं, कारण त्यांचा परतीचा प्रवाह फीडरवरूनच येतो. हे करून स्वतःच्या शॅकमधला गोंगाटही कमी होतो, कारण शेजारच्या एलईडीचा कचरा त्याच वाटेने तुमच्या रिसीव्हरमध्ये यायचा.

मग जागा. गुंठेवारीतल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत अंतर वाढवायला जागा नसते, पण उंची आणि दिशा बदलता येते. तुमची वायर आणि गच्चीवरून जाणारी केबल समांतर असतील तर डायपोल काटकोनात फिरवा. टोकं शेजारच्या छत्रीपासून दूर न्या. इन्व्हर्टेड व्हीचं (टोकं खाली उतरलेल्या डायपोलचं) टोक कठड्याला बांधलेलं असेल आणि त्याच कठड्यावर छत्रीची वायर पसरलेली असेल, तर फक्त टोकाची जागा बदलून बघा.

कारखान्यातून आलेल्या एचएफ रिगमध्ये लो-पास फिल्टर असतो. स्वतः बांधलेला बिटएक्ससारखा संच किंवा बाहेरचा लिनियर (ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर) असेल तर फक्त ३० मेगाहर्ट्झच्या खालचं जाऊ देणारा फिल्टर लावाच, आणि तो ट्यूनरच्या (अँटेना जुळवणाऱ्या पेटीच्या) आधी, जिथे एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या ताकदीचं माप) कमी असतो तिथे. स्वस्त हँडींकडेही लक्ष द्या. १४५ चा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीवरचा नको असलेला सिग्नल) ४३५ वर आणि चौथा ५८० वर पडतो, दोन्ही केबलच्या चॅनेलांत. डोंगलवर तेही बघता येतं, पण डोंगल हँडीपासून लांब ठेवा, नाही तर तो स्वतःच ओव्हरलोड होऊन खोटे हार्मोनिक दाखवेल.

अर्थिंगबद्दल दोन शब्द. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोळसा-मिठाचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नावालाच उरतो. त्यात पाणी सोडत राहा. पण दुसऱ्या मजल्यावरच्या शॅकमधून खाली येणारी दहा मीटरची अर्थ तार चाळीस मीटरवर पाव लहर होते, आणि रिगच्या टोकाला रेडिओ लहरींसाठी ती अर्थ राहतच नाही. तिच्या भरवशावर हा दोष जाणार नाही. तरीही ती काढू नका. शॉक लागू नये म्हणून ती हवीच.

आठवी तपासणी: पत्रे

सगळं करून झालं, हॅमचं प्रसारण स्वच्छ आहे, वायरी नव्या आहेत, तरी त्रास उरतो. मग आजूबाजूचे पत्रे बघा. गंजलेला हुक-बोल्ट आणि पत्रा यांच्यामधला गंजाचा थर डायोडसारखा वागतो. तुमचा स्वच्छ सिग्नल घेतो आणि त्यातून हार्मोनिक तयार करून बाहेर टाकतो. कपडे वाळत घालायची तार, जुना अँटेनाचा खांब, जाळीचं गेट, सगळे यात येतात. ओळखायची खूण: पावसाची सर येऊन गेली की त्रास कमी-जास्त होतो, किंवा पत्र्यावर काठीने ठोकलं की चित्र बदलतं. जोड घासून घट्ट करा, किंवा दोन पत्रे तारेने नीट जोडा, किंवा मध्ये रबर घालून पूर्ण वेगळे करा. अर्धवट संपर्क ठेवू नका.

कुठे थांबायचं

शेजाऱ्यांचा टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्स उघडू नका. त्यांच्या परवानगीने कनेक्टर बदलणं आणि बाहेरून फेराइट लावणं ही हॅमची मर्यादा. आतल्या पॉवर सप्लायमध्ये जीवघेणा व्होल्टेज असतो, आणि पुढे तो टीव्ही कशानेही बंद पडला तरी बोट तुमच्याकडे येईल.

घराबाहेरची केबल, खांबावरचा ॲम्प्लिफायर आणि त्याचे जोड केबलवाल्याचे. त्याला "टीव्ही अडकतोय" एवढंच सांगू नका. फ्रिक्वेन्सी, गळतीची जागा आणि वेळा लिहून द्या. कंपनीच्या छत्रीला हात लावायचा तर त्यांचा माणूस बोलवा. घरात अर्थच नसेल, न्यूट्रलवर व्होल्टेज येत असेल किंवा रिगच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या क्षणी प्रसारण बंद करा आणि परवानाधारक वायरमन बोलवा. लिनियर ॲम्प्लिफायरचा हाय-टेन्शन भाग अनुभवी माणसाशिवाय उघडायचा नाही.

विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून डायपोल कधीही न्यायचा नाही, आणि छत्री किंवा खांब पडला तर तारांवर जाईल अशा जागी ताणायचा नाही. जवळून ११ केव्हीची लाइन जात असेल तर काम तिथेच थांबवा. एप्रिल-मे आणि जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे वीज पडून माणसं आणि जनावरं जातात. ढग गडगडायला लागले की गच्चीवर कुणी नको आणि अँटेनाचा कनेक्टर रिगपासून काढलेला हवा.

शेजाऱ्यांशी बोलताना परवाना दाखवा, रेडिओ काय कामाचा ते सांगा. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळींनी संपर्काचं काम केलं होतं, हे लातूर-धाराशिवकडच्या मोठ्या माणसांना सांगितलं की ते ऐकून घेतात. दोष सापडेपर्यंत मालिकांच्या वेळी ताकद कमी ठेवा किंवा दुसऱ्या बँडवर जा, आणि तसं कबूल केलंत तर पाळा.

एवढं करूनही तक्रार मिटत नसेल आणि प्रकरण लेखी झालं असेल, तर पुढची जागा दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन. तिथे जाताना वेळांची वही, लॉगबुक, डमी लोडच्या आणि कमी ताकदीच्या चाचण्यांचे निकाल, अडणाऱ्या चॅनेलची फ्रिक्वेन्सी आणि बदललेल्या वायरी-कनेक्टरांचे फोटो बरोबर ठेवा. पहिल्याच दिवशी ते हेच मागतील.